चौथं कडवं

माझ्या आईला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. ती धवलारीण होती आणि लहान-थोर सगळे तिला तेवढंच म्हणायचे. आमच्या आगरी लग्नात भट येतो तो मंगळाष्टकांपुरता. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं धवलारणीच्या गळ्यावर चालतं. हळद कुटायची तिचं गाणं, नवरा न्हायचा त्याचं गाणं, मांडवाच्या मेढी म्हणजे खांब पुरायचे त्याचं गाणं. त्या गाण्यांना धवले म्हणायचे, आणि ते आईला तिच्या मावशीकडून आले होते. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायचा तोही धवलारणीनेच. आधी गेरूने भिंत लाल करून घ्यायची, मग तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्यात काडी बुडवून नवरा-नवरी, वाजंत्री, सूर्य-चंद्र, केळीचे खांब काढायचे. आमच्यात चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. मी आज गावोगाव फिरून माझीच गाणी गाते, कापडावर गेरू आणि पिठाची चित्रं करते, आणि लोक विचारतात की तुम्ही हे दोन्ही कुठे शिकलात. दोन्ही एकच होतं, असं सांगितलं तर त्यांना वाटतं मी काहीतरी खोल बोलते आहे. खरं तर मी फक्त आईचं काम काय होतं ते सांगत असते.

खारेपाटात आमचं गाव. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि दोन्हींच्या पलीकडे खाडी. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांध आहे तोवर गाव आहे, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बा मिठागरात कामाला. उन्हाळ्यात त्याच्या टाचा मिठाने फाटून पांढऱ्या पडायच्या. संध्याकाळी घरी आला की आई त्याच्यापुढे कोमट पाण्याचं घमेलं ठेवी, तो पाय बुडवून डोळे मिटून बसे आणि तेवढा वेळ कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. सकाळी तांदळाची भाकरी आणि चुलीत भाजलेला सुका बोंबील. त्याचा वास आजही कुठे आला तर माझे पाय आपोआप त्या घराकडे वळतात. आई भाकरी थापायची ती ठेक्यात. दोन थापा हळू, एक जोरात, मग भाकरी फिरवायची. माझा भाऊ पाटावर बोटं वाजवत तिच्या थापांवर शब्द बसवायचा. आई लटकं रागावून म्हणायची, "माझी भाकरी करपवशील तू एक दिस."

हा माझा भाऊ म्हणजे नामा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची. उंच, काटकुळा, पुढचा एक दात तुटलेला, आणि हसताना तोंडावर हात धरायची सवय. चौक लिहिणं हे बायकांचं काम, पण तो लहानपणापासून आईच्या मांडीला टेकून बसायचा, आणि पुढे पुढे आईच त्याच्या हातात काडी द्यायला लागली. तो सगळी माणसं काढून घ्यायचा आणि डोळे शेवटी काढायचा. डोळे आधी काढले तर माणसं आपल्याकडे बघत बसतात, हात चालत नाही, असं त्याचं म्हणणं. मोठा झाल्यावर त्याने गाण्याची पार्टी बांधली. ढोलकीला बाळाराम, झांजेला दोघं, आणि एक बेंजोवाला. कापणी झाली की शिमग्यापर्यंत, आणि मग लग्नसराई संपेस्तोवर ही पार्टी किनाऱ्याने हिंडायची. कुणाच्या हळदीला, कुणाच्या जत्रेला, रेवसपासून मुरुडपर्यंत. गाणी सगळी दादाची. ज्या घरी मुक्काम पडे त्या घराच्या भिंतीवर तो जाताना चित्र लिहून जाई. आईने एकदा विचारलं, जेवण घालतात त्याची परतफेड का? तर म्हणाला, "आये, गानं वाऱ्याव जातं. भितीवर कायतरी ऱ्हावं."

त्याचं एक गाणं फार चाललं होतं. बांधावर उभ्या असलेल्या बाईचं. 'खारीच्या बांधावर कोन गो उभी, पदराशी वारा भांडतंय' अशी त्याची सुरुवात होती आणि त्याला तीन कडवी होती. तिन्ही कडवी माझ्यासमोर, आमच्या ओटीवर जन्माला आली, त्यामुळे मला ती श्वासासारखी पाठ होती. तीनच होती, हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्या वर्षी जत्रेत कुणीतरी माणूस भेटला होता. मुंबईला ये, तुझ्या गाण्यांची कॅसेट काढू, असं त्याने दादाला सांगितलं होतं. घरात त्यावरून धुसफूस झाली. बा फार बोलणारा नव्हता, तो एवढंच म्हणाला, "मुंबयला कोन वलखतंय तुला? हितं बांध तरी वलखतो." दादा रागावून जेवणावरून उठला. आईने ताट झाकून ठेवलं आणि तो मागच्या दाराने आला तेव्हा मुकाट्याने पुढे केलं. त्यानंतर पाऊस लागला, भाताची आवणी झाली, मुंबईचं बोलणं मागे पडलं.

उधाण आलं ते ऐन श्रावणात, भरदुपारी. वरून पाऊस आणि खालून खाडी. बांधाला खांड गेली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड, आणि त्यातून खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की तीन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. खांड गेल्याची हाळी आली की घरातला धडधाकट माणूस घरात राहत नाही, ही गावाची रीत. पेंढ्याच्या गुंड्या, चिखलाची ढेकळं, झाडाच्या फांद्या, जे मिळेल ते घेऊन पुरुष धावले. दादाही डोक्यावर इरलं घालून गेला. मी दारातून त्याला जाताना पाहिलं. काही म्हणाला नाही, मागे वळला नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस काहीतरी बोलून जातो. तो नुसता घाईत होता.

तो खांडीच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून गुंड्या टाकत होता. मागून बांध अजून एका जागी खचला. पाऊस इतका होता की समोरचा माणूस दिसत नव्हता. कुणीतरी "नामा, माघारी ये" म्हणून ओरडलं. मग सर थोडी उघडली तेव्हा त्या टोकाला माती नव्हती आणि माणूसही नव्हता. होडी घालून लोक खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शोधत राहिले. खाडीच्या तोंडापर्यंत गेले. बाला एका तिवराच्या फांदीला अडकलेलं इरलं मिळालं. ते त्याने आणून ओटीवर ठेवलं आणि स्वतः अंगणातच पावसात बसून राहिला.

गावचे चार जाणते लोक आले. अंग मिळत नाही तेव्हा दर्भाचं माणूस करून त्याचे विधी करतात, हे त्यांनी समजुतीने सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "इरलं गावलं, पोर न्हाय गावला. इरल्याचं सुतक धरू का मी?" मग उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा नामा मुंबयला गेलाय. बापसाशी भांडून गेलाय. राग गेला का येल." बाने मान खाली घातली. तिच्या म्हणण्यात एक टोक खरं होतं, भांडण झालंच होतं, आणि त्या टोकाला धरून ती सबंध खोटं ओढत नेत होती, की तिला ते खरंच वाटत होतं, हे मी इतक्या वर्षांनी तिच्याच वयाची होऊनही सांगू शकत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक न बोलायचा शब्द आला. कुणी "नामा गेला" म्हटलं की आई विचारायची, "कुठं गेला?" आणि समोरच्याला "मुंबयला" म्हणावंच लागायचं. पार्टीतल्या बाळारामने पहिल्यांदा आमच्या ओटीवर हंबरडा फोडला तेव्हा आईने त्याला गदागदा हलवलं आणि शपथ घातली, की कुणी विचारलं तर मुंबईला गेलाय असंच सांगायचं. बिचाऱ्याने मान डोलावली आणि तो शब्द पाळला. आई रोज दादाचं ताट वाढायची. मासळी आली तर त्याला आवडायचा तो डोक्याकडचा तुकडा त्या ताटात. आम्ही जेवून उठलो की ती ते ताट झाकून ठेवी आणि सकाळी कावळ्याला न घालता कुत्र्याला घाली. कावळ्याला घातलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता.

आणि मग गावात ते सुरू झालं. तिन्हीसांजेला भरतीचं पाणी बांधाला लागलं की नवीन भरलेल्या खांडीपाशी गाणं ऐकू येतं, असं आधी एका मासेवाल्या बाईने सांगितलं. मग मिठागरातला एकजण म्हणाला. मग पोरं तिकडे जाईनाशी झाली. मीसुद्धा ऐकलं आहे. भुताखेतांवर माझा विश्वास आहे की नाही ते मला माहीत नाही, पण ऐकलं आहे. पाणी मातीत मुरताना जो बारीक आवाज होतो त्यात मला पहिल्या कडव्याची ओळ ऐकू यायची, आणि तिथेच थांबायची, दुसरी ओळ कुणीतरी घ्यावी म्हणून थांबल्यासारखी. मी ती घेतली नाही. तोंड घट्ट मिटून घरी पळत यायची. आई विचारायची, "बांधाव होतीस?" मी नाही म्हणायची, आणि ती माझ्या तोंडाकडे असं बघायची की जणू माझ्याकडे तिच्यासाठी निरोप असावा.

हळूहळू तिला कुणी लग्नाला बोलावेना. जिच्या घरात मेलेल्याचं काही केलेलं नाही तिने नवरीच्या घरी चौक कसा लिहायचा? तोंडावर कुणी बोललं नाही, पण सुपारी यायची थांबली. गाव दुसऱ्या गावाहून धवलारीण आणायला लागलं. लग्नाचे ढोल वाजायचे आणि आई ओटीवर बसून आपले धवले पुटपुटायची, विसरू नयेत म्हणून. तेव्हाच मला ते पाठ झाले. शिकवायला म्हणून तिने मला कधी बसवलं नाही.

असे दोन पावसाळे गेले. मी पंधरा-सोळा वर्षांची झाले होते. चौलला आईच्या माहेरच्या नात्यातलं एक लग्न निघालं. चौलचे लोक नारळ-सुपारीच्या वाड्यांतले, आमच्या बांधावरच्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या किंवा पोचूनही त्यांनी मनावर घेतल्या नव्हत्या. त्यांनी आईला बोलावलं. आई मला बरोबर घेऊन गेली. दुपारी हळद होती. अंगणात वालाच्या बिरड्याचं मोठं पातेलं उकळत होतं, बायका पायऱ्यांवर दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि आई भिंतीला चौक लिहीत होती. इतक्या दिवसांनी तिच्या हातात काडी बघून मला बरं वाटत होतं. तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका, काशीदकडून आलेल्या, गाणं म्हणायला लागल्या. 'खारीच्या बांधावर कोन गो उभी.' आईचा हात थांबला नाही. गाणं सगळीकडे गेलं होतं, तिला माहीत होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी सुस्कारा सोडला. आणि त्या थांबल्या नाहीत.

पान्याला इचारलं, पानी बोलं ना,
वाटंला इचारलं, वाट हालं ना,
भितीवर लिवलेला डोला गो माजा
मिटता मिटं ना, लागता लागं ना.

काडीवरून पिठाचा थेंब खाली ओघळला आणि नवरीच्या चित्रावरून रेघ काढत गेला. आई वळली. मी तिच्या तोंडाकडे बघायला घाबरले. चाल तीच होती, दोन थापा हळू, एक जोरात. परक्यांच्या भिंतींवर डोळे लिहीत हिंडणारं दुसरं कुणी किनाऱ्यावर नव्हतं. आणि हे कडवं आमच्या ओटीवर झालेलं नव्हतं. म्हणजे ते नंतर झालं होतं.

आईने हात पुसले आणि त्या बायकांपुढे जाऊन बसली. अगदी शांतपणे विचारलं, "बाय गो, ह्ये कुनाचं गानं?"

"नामाचं. आमच्या पाड्यावर यायचा तो."

"आन शेवटचं कडवं?"

"त्येबी तिकडचंच. त्या घरात म्हनतात ना, जिथं त्याचं चितार हाय. दर पावसाल्यानंतर नवंकोरं असतं बगा. आमी तर म्हनतो रंग लावाला चोरून येतो का काय." बाई हसली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

लग्न पार पडेपर्यंत आईने एकही धवला चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आम्ही घरी आलो नाही. रेवदंड्याहून तरीने पलीकडे साळावला उतरलो आणि तिथून मुरुडची एसटी धरली. गाडीत आई बोलत होती. दोन वर्षांत बोलली नव्हती तेवढी बोलत होती. दाढी वाढली असेल, आपल्याला ओळखू येईल ना, बा त्याला काही बोलणार नाही, तू काही बोलू नकोस, आधी त्याला जेवू दे. तिने फडक्यात बांधून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतली होती. मला दादा जिवंत आहे असं वाटत होतं का? हो, वाटत होतं. खिडकीतून समुद्र दिसायला लागला तेव्हा मला बांधावरचं ते गाणं आठवलं आणि मी मनात म्हटलं, बघ, तो तर इथे होता. आजही मी त्या रस्त्याने कार्यक्रमांना जाते. काशीदला आता रांगेने रिसॉर्ट झाली आहेत, मागच्या थंडीत त्यांतल्याच एकाच्या हिरवळीवर मी गायले. पण त्या वळणावर समुद्र अजून तसाच एकदम समोर येतो, आणि अजूनही तिथे माझ्या पोटात आशा उठते. कशाची, ते विचारू नये.

पाडा रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. चित्राचं घर विचारल्यावर एका म्हातारीने हात करून दाखवलं. लांबूनच ती भिंत दिसली. लाल, आणि तिच्यावर पांढरीशुभ्र माणसं. ढोलकीवाला, झांजवाले, केळीचे खांब, एक होडी, आणि कोपऱ्यात बांधावर उभी असलेली, आईच्या नथीसारखीच मोठी नथ घातलेली बाई. पांढरा रंग काही जागी अजून ओला होता. आईने ती ओली रेघ बोटाने तपासली, बोटाला लागलेलं पीठ पाहिलं, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून हाक मारली, "नामा! ए नामा! आरं मी आयलंय!"

घरातून एक मुलगी बाहेर आली. विशीतली असेल, सावळी, पदर खोचलेला. तिच्या हातात पिठाच्या पाण्याची करवंटी होती. तिने आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नथवाल्या बाईकडे पाहिलं.

"तुमी त्याच्या आई," ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. "त्यानं पाठवलं तुमाला?"

आणि त्याच वेळी आई म्हणत होती, "कुठं हाय तो?"

दोघींचे प्रश्न हवेतच एकमेकांवर आदळले. दोघीही उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मला वाटतं मला त्या क्षणी कळलं, आईला त्यानंतर, आणि त्या मुलीला सगळ्यांत शेवटी.

तिचं नाव कुसुम. तिचे वडील मागच्या वाडीतून आले, त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. कुसुमच भडाभडा बोलत होती, खाली बघून. नामा शेवटच्या लग्नसराईत इथे राहिला तेव्हा वडिलांच्या कानावर घालून गेला होता, की भात कापून झालं की आईला घेऊन येतो, मागणी घालायला. भात कापून झालं. तो आला नाही. पुढच्या जत्रेत तिने बाळारामला गाठून विचारलं. तो म्हणाला, नामा मुंबईला गेला, त्याची आई सांगते. मग तिला वाटलं मुंबईत त्याचं मन बदललं. स्थळं आली ती तिने परतवली. चित्र पावसाने पुसट व्हायचं, ती दर वर्षी त्याच्याच रेघांवरून पुन्हा लिहायची. आणि गाण्याला तिने एक कडवं जोडलं. मुंबईला गाणी जातात म्हणे. कुणाच्या तरी तोंडून त्याच्या कानावर पडेल, आणि हे आपलं नाही, मग कुणाचं, असा विचार तरी तो करील.

"त्याला राग आलाय का माझा?" तिने विचारलं. "तेवढं तरी सांगा."

आई तिच्याकडे बघत होती. माझ्या आईने दोन वर्षं ज्याला ज्याला गप्प केलं होतं त्यांतलं कुणीच त्या ओटीवर नव्हतं. बा नव्हता, गावातले जाणते नव्हते. सांगणारं दुसरं कुणीच नव्हतं. मला वाटलं ती पुन्हा म्हणेल, मुंबईला गेलाय, येईल. ती ते म्हणू शकली असती. कुसुमने तिच्यावर विश्वास ठेवला असता, आणि त्या दोघी आयुष्यभर त्या भिंतीला पीठ लावत बसल्या असत्या. मी आईचा हात धरला.

"पोरी, हितं बस. माझ्याजवल बस," आई म्हणाली. कुसुम सरकली. "त्यो मुंबयला न्हाय गेला. मी खोटं बोल्लू. खांड गेल्ती. त्या खांडीत माझा नामा बुडला. तो न्हाय गो आता. नामा न्हाय."

कुसुम उठली, करवंटीतलं पाणी अंगणात ओतलं, आणि ओल्या हाताने भिंत पुसायला धावली. आई तिच्या मागे गेली आणि तिने तिचं मनगट धरलं. "आज नको," आई म्हणाली. "आज त्याला रडू या. अजून कुनी रडलं न्हाय त्याला." आणि मग माझी आई त्या परक्या अंगणात खाली बसली आणि हेल काढून रडली. गावातल्या प्रत्येक मयताला बायका काढतात तसा हेल, जो तिने आपल्या मुलासाठी अडवून धरला होता. शेजारच्या बायका धावून आल्या, काय झालं ते कुणी कुणाला विचारलं नाही, येऊन बसल्या आणि रडायला लागल्या. हेलात मेलेल्याचं नाव घेऊन काही काही म्हणायचं असतं. आईला शब्द सुचेनात. तिच्या तोंडून कुसुमचंच कडवं आलं, 'पान्याला इचारलं, पानी बोलं ना', तुटत तुटत, आणि कुसुमने ते उचललं, आणि मी. दुपार टळून ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं राहिलं.

घरी आल्यावर आईने बापुढे कोमट पाणी ठेवलं आणि तो पाय बुडवत असतानाच म्हणाली, "भटाला सांग." बाने तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हातारा होऊन उठला आणि भटाकडे गेला. दर्भाचं माणूस झालं, त्याला अग्नी दिला, ताट वाढायचं बंद झालं. बांधावरचं गाणं बंद झालं का, हे मला लोक विचारतात. गाव म्हणतं झालं. मला मात्र ते अजून ऐकू येतं. भरतीला, आणि कधी कधी एखाद्या परक्या गावात माईक तपासताना समोरच्या रिकाम्या खुर्च्यांतून. आता मी पळत नाही. पुढची ओळ घेते.

पुढच्याच्या पुढच्या वैशाखात कुसुमचे वडील आमच्या दारात आले. कुसुमचं लग्न ठरलं होतं, मुलगा म्हसळ्याकडचा, महादेव नावाचा, शांत स्वभावाचा. त्यांनी आईपुढे सुपारी ठेवली आणि संकोचत म्हणाले, "पोर म्हनते, धवलारीन तीच पायजे. मी लय समजावलं. तुमाला जमत नसंल तर मी समजू शकतो." शेजारणींनी कपाळाला हात लावला. हे अशुभ, हे त्या मुलीसाठी चांगलं नाही, आणि धवलारणीसाठी तर नाहीच. आईने सुपारी उचलून पदरात बांधली.

आम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचलो. लग्नाचा चौक घराच्या पुढच्या भिंतीवरच लिहायचा असतो, आणि पुढच्या भिंतीवर दादाची माणसं होती. आईने गेरूचं पातेलं मागितलं, पदर खोचला आणि आपल्या हाताने भिंत सारवायला घेतली. आधी ढोलकीवाला गेला, मग झांजवाले, मग होडी. नथवाली बाई तिने सगळ्यात शेवटी झाकली. मला म्हणाली, "गुले, गेरू सुकला का बघ." मी हात लावून पाहिला. सुकला होता. त्या लाल भिंतीवर आम्ही दोघींनी कुसुमचा चौक लिहिला.

संध्याकाळी नवरीला पाटावर बसवलं. पहिला धवला सुरू झाला. त्यात एका जागी नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. धवलारीण नाव घेते, मग सगळ्या बायका ते उचलतात, आणि तिथून लग्न खरं धरलं जातं. आई त्या ओळीपर्यंत आली. तिने श्वास घेतला. तिच्या ओठांनी जो आकार घेतला तो महादेव या नावाचा नव्हता. मी तिच्या शेजारी बसले होते, मला तो स्पष्ट दिसला. पाटावरच्या कुसुमलाही दिसला. ती मान वर करून आईकडे बघत राहिली, आणि मला वाटतं, आईने ते नाव घेतलं असतं तर ती तशीच बसून राहिली असती, हलली नसती. अंगण थांबलं. बायका वाट बघत होत्या.

मी तोवर कधी चारचौघांत पुढे गायले नव्हते. मी तोंड उघडलं आणि आईच्याच सुरात म्हटलं, "महादेव गो नवरा." बायकांनी ते उचललं. कुसुमने डोळे खाली घेतले. मी पुढची ओळ घेतली, त्याच्या पुढची घेतली, आणि तिसऱ्या ओळीला आईचा आवाज खालून माझ्या आवाजाला येऊन लागला.

त्या लग्नानंतर आई अजून पुष्कळ वर्षं गायली. पण कुठल्याही अंगणात गेलो तरी ती मागे बसायची आणि मला पुढे बसवायची.